जुन्या सबमशीनगनला .२२ ची नळी

१९ मे १९८६ नंतर बनलेली एकही मशीनगन अमेरिकेतल्या सामान्य नागरिकाला स्वतःच्या मालकीची करून घेता येत नाही. त्या वर्षी मंजूर झालेल्या ‘फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन ॲक्ट’मध्ये ऐनवेळी एक दुरुस्ती घातली गेली आणि हे दार बंद झाले. त्याआधी १९३४ च्या कायद्याखाली अशा शस्त्रांची सरकारदरबारी नोंद होत असे आणि हस्तांतराला २०० डॉलर कर पडे. कर जाचक होता, पण नवी नोंद होऊ शकत होती. आता होत नाही. म्हणजे नागरिकांच्या हातातल्या नोंदणीकृत टॉमी गन, स्टेनगन, उझी आणि इंग्रम या सबमशीनगनची संख्या यापुढे फक्त घटणार. एखादी गंजली, फुटली, आगीत सापडली की यादीतून एक वजा होते आणि तिच्या जागी दुसरी येत नाही. १९२०च्या दशकात दोनशे डॉलरच्या आसपास मिळणाऱ्या कोल्ट बनावटीच्या टॉमी गनला आज हजारो डॉलर मोजावे लागतात ते याच कारणाने. अशा शस्त्राचा मालक कायद्याने मालक असला, तरी व्यवहारात तो राखणदार आहे. या राखणदाराने शस्त्र चालवायचेच ठरवले, तर मूळ काडतुसांऐवजी .२२ रिमफायरचे किट बसवून चालवावे, आणि तेही मूळ शस्त्राला कानस, ड्रिल किंवा वेल्डिंग न लावता बसणारे किट असावे, असे माझे ठाम मत आहे. या मतावर आक्षेप आहेत, त्यातले काही वजनदार आहेत, आणि त्यांना उत्तर देता आले तरच मत टिकेल.

आधी वस्तू समजून घेऊ. एनसीसीत गेलेल्या कोणालाही .२२ ची ओळख करून द्यावी लागत नाही. महाराष्ट्रातल्या हजारो कॅडेटनी आयुष्यातली पहिली गोळी याच काडतुसाची झाडलेली असते. ‘.२२ लाँग रायफल’ हे काडतूस १८८७ च्या सुमाराचे. त्यात ठिणगी पाडणारा मसाला बुडाच्या मध्यभागी वेगळ्या टोपीत नसतो. तो बुडाच्या दुमडलेल्या कडेत, म्हणजे रिममध्ये, भरलेला असतो. कड चेपली जावी म्हणून पितळ पातळच ठेवावे लागते, आणि पितळ पातळ म्हणून आतला दाबही मर्यादित. टॉमी गनची .४५ ची गोळी जवळपास १५ ग्रॅमची, वेग सेकंदाला अडीचशे मीटरच्या थोडा वर. .२२ ची गोळी २.६ ग्रॅमची, वेग सुमारे ३३० मीटर. वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार केला तर .२२ चा संवेग .४५ च्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी भरतो. बहुतेक सबमशीनगनमध्ये बोल्टला कुलूप नसते. काडतुसाचा मागचा धक्काच बोल्टला मागे ढकलतो, आणि बोल्टचे वजन व स्प्रिंगचा जोर त्याला आवरतात. एवढ्याशा धक्क्याने मूळचा जड बोल्ट नीट मागे जाणारच नाही. म्हणून किटमध्ये हलका बोल्ट, वेगळी नळी किंवा नळीत सरकवायची आतली नळी, आणि वेगळे मॅगझिन असते. अमेरिकी कायदा ज्याला ‘बंदूक’ मानतो तो रिसीव्हर, म्हणजे क्रमांक ठोकलेला सांगाडा, आणि त्याखालची चापाची यंत्रणा तेवढी जुनी राहते. इंग्रमसाठी अशी किट निघाली. उझीचे .२२ किट तर तिच्या मूळ इस्रायली कारखान्यानेच काढले होते.

बोल्टच्या वजनाने बंदुकीचा स्वभाव किती बदलतो याचा दाखला खुद्द टॉमी गनच्या इतिहासात आहे. जॉन थॉम्पसन यांच्या ऑटो-ऑर्डनन्स कंपनीने कोल्टकडून १९२१ च्या नमुन्याच्या पंधरा हजार बंदुका करून घेतल्या. त्या मिनिटाला आठशेच्या वर गोळ्यांच्या वेगाने झडत. अमेरिकी नौदलाला हा वेग जास्त वाटला. तेव्हा बोल्टसोबत हलणाऱ्या, हाताने मागे खेचायच्या भागाचे वजन वाढवले गेले आणि वेग सहाशे-सातशेच्या घरात आला. नवा नमुना १९२८ चा ठरला, पण बंदुका जुन्याच होत्या. म्हणून रिसीव्हरवर कोरलेल्या १९२१ या आकड्यातल्या शेवटच्या १ वर ८ चा ठसा मारला गेला. आजही अशी बंदूक हातात घेतली तर त्या ८ च्या पोटातून जुन्या १ ची उभी रेघ दिसते. या एका अंकात दोन गोष्टी आहेत. एक, हलणाऱ्या भागांचे वजन बदलले की बंदूक वेगळी वागते, हे शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांना पक्के ठाऊक होते. दुसरी, आपण ज्याला ‘मूळ’ म्हणतो त्यातही फेरफार झालेले असतात. या दुसऱ्या मुद्द्याकडे पुढे येतोच.

मोठ्या शस्त्रात छोटे काडतूस चालवणे ही काही अलीकडच्या हौशी लोकांची टूम नाही. ब्रिटिश सैन्यात १८८० च्या दशकात मार्टिनी-हेन्री रायफलच्या नळीत ‘मॉरिस ट्यूब’ नावाची बारीक नळी सरकवून सराव होई. तिची काडतुसे रिमफायर नव्हती, पण कल्पना हीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला .२२ च्या ली-एनफिल्ड आल्या, आणि आपल्याकडच्या एनसीसीच्या रायफली त्याच घराण्यातल्या. जर्मनीत एर्मा या कारखान्याने माउझर रायफलसाठी .२२ ची आतली नळी बनवली. दुसऱ्या महायुद्धात गाजलेली एमपी-३८ आणि एमपी-४० ही सबमशीनगनही याच एर्माची. अमेरिकेत कोल्टने .४५ च्या पिस्तुलाची ‘एस’ नावाची .२२ आवृत्ती १९३१ मध्ये काढली. तिचा धक्का फारच सौम्य वाटल्याने १९३७ च्या ‘सर्व्हिस एस’मध्ये डेव्हिड मार्शल विल्यम्स यांनी बेतलेला एक तरंगता चेंबर घातला. या चेंबरमुळे .२२ चा धक्का वाढून .४५ च्या जवळ जाई. या सगळ्यांचा उद्देश काटकसर आणि शिक्षण हा होता. सैनिकाची नजर, श्वास आणि चापावरचे बोट घडवायला दारूगोळ्याचा पूर्ण भार लागत नाही, आणि शस्त्राची झीज वाचते ती वेगळीच.

झीज वाचण्याचा हा मुद्दा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा आहे, आणि त्यासाठी शिकागोला जावे लागेल. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी तिथल्या एका गॅरेजमध्ये सात माणसांना भिंतीशी उभे करून मारले गेले. जागेवर .४५ ची सत्तरेक रिकामी काडतुसे सापडली. कॅल्व्हिन गोडार्ड या तज्ज्ञाने ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. त्याच वर्षी डिसेंबरात मिशिगनमधल्या सेंट जोसेफ गावाजवळ फ्रेड बर्क या गुन्हेगाराच्या घरी दोन टॉमी गन हाती लागल्या. गोडार्ड यांनी त्या झाडून पाहिल्या, नव्या काडतुसांवरचे आणि गोळ्यांवरचे ओरखडे जुन्यांशी ताडले, आणि हत्याकांडातली शस्त्रे हीच असल्याचे दाखवले. त्यातली एक तर आदल्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये झालेल्या फ्रँकी येल या गुंडाच्या खुनातही वापरली गेली होती. गोळीवरचे ओरखडे नळीच्या आतल्या सर्पिल खाचांनी उमटवले होते. काडतुसाच्या बुडावरच्या खुणा बोल्टच्या तोंडाने आणि रिकामे काडतूस बाहेर फेकणाऱ्या आकड्याने केल्या होत्या. म्हणजे एखाद्या विशिष्ट बंदुकीची ओळख तिच्या नळीत आणि बोल्टमध्ये लिहिलेली असते, आणि प्रत्येक गोळीसोबत त्या लेखनावर थोडी खाडाखोड होते. .२२ चे किट नेमके हेच भाग काढून बाजूला ठेवते. मूळ नळी तेल लावून कापडात, मूळ बोल्ट तिच्या शेजारी, आणि धूर-धक्का सोसायला बाजारात पुन्हा मिळू शकणारे नवे भाग. जुन्या शस्त्राच्या राखणदाराला याहून चांगली सोय सापडणे कठीण.

या सोयीची तुलना जुन्या शस्त्रांच्या वाट्याला आलेल्या दुसऱ्या वागणुकीशी करून पाहावी. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यानंतर परदेशातून येणाऱ्या जुन्या सबमशीनगन पूर्ण रूपात नागरिकांसाठी आणता येईनाशा झाल्या. मग पेट्यांच्या पेट्या सुट्या भागांच्या रूपात आल्या, आणि रिसीव्हर गॅसकटरने तुकडे करून निकामी केले गेले. युरोपात जानेवारी २०१५ च्या पॅरिस हल्ल्यात वापरलेल्या काही बंदुका निकामी करून विकलेल्या आणि पुन्हा चालू केलेल्या होत्या. त्यानंतर युरोपीय महासंघाने त्याच वर्षाअखेर नवे नियम आणले आणि एप्रिल २०१६ पासून शस्त्र ‘निकामी’ करण्याची रीत फार कडक झाली. नळी, बोल्ट, चापाची यंत्रणा कापून, वेल्डिंग करून कायमची बंद करावी लागते. माणसे मेली होती, नियम कडक करणे भागच होते, आणि मी त्यावर तक्रार करणार नाही. पण संग्रहाच्या बाजूने पाहिले तर बाहेरून शाबूत आणि आतून वितळलेली स्टेनगन अभ्यासकाला फारसे काही सांगू शकत नाही. तिथून परतीची वाट नाही. किट दहा मिनिटांत निघते आणि बंदूक होती तशी होते.

पहिला तांत्रिक आक्षेप असा की .२२ मुळे झीज थांबते हा भ्रम आहे. यात तथ्य आहे. रिसीव्हर तोच, चाप तोच, बोल्टला अडकवून धरणारा खटकाही बहुतेक वेळा जुनाच. हलका बोल्ट भराभर मागेपुढे धावतो. .२२ साठीच घडवलेल्या ‘अमेरिकन-१८०’ या सबमशीनगनचा वेग मिनिटाला बाराशेच्या घरात होता, म्हणजे तिचे १७७ गोळ्यांचे थाळीसारखे मॅगझिन नऊ सेकंदांत रिकामे. गोळ्या स्वस्त पडल्या की माणूस जास्त झाडतो आणि जुना खटका तितक्या वेळा घासतो. शिवाय .२२ ची साधी गोळी उघड्या शिशाची, वरून मेणचट वंगण लावलेली. ते वंगण, शिशाची भुकटी आणि अर्धवट जळलेली दारू मिळून रिसीव्हरच्या कोपऱ्यांत काळा चिकट थर धरतात. तो काढायला कोणी लोखंडी ब्रश आणि जहाल द्रावण घेऊन बसला, तर गोळीबाराने केले नाही ते नुकसान सफाई करते आणि जुन्या पोलादावरची निळी झाक उतरून जाते. रिममधला मसाला सगळीकडे सारखा पसरलेला नसला तर काडतूस पेटतच नाही, आणि बोल्ट पूर्ण मिटण्याआधी पेटले तर पातळ पितळ फाटते. हे सारे मान्य. तरी पर्याय काय ते विचारले पाहिजे. .४५ किंवा ९ मिलिमीटरच्या काडतुसाने झीज कित्येक पट जास्त होते आणि ती जिथे भरून निघत नाही तिथेच होते. त्यात कोणी स्वस्तात मिळालेली युद्धकालीन काडतुसे वापरली, तर त्यांच्या मसाल्यातले क्षार नळीत ओल धरून गंज आणतात. कमी नुकसान आणि भरून न निघणारे नुकसान यांतले एक निवडायचे असेल, तर निवड सोपी आहे. खटका घासला तर नवा घडवता येतो. १९२१ ची नळी नव्याने घडवता येत नाही.

दुसरा आक्षेप खरेपणाचा, आणि तो मला तांत्रिक आक्षेपापेक्षा जास्त गंभीर वाटतो. पावणेपाच किलोच्या टॉमी गनमधून .२२ झाडली तर खांद्याला काही जाणवतच नाही, आवाज वेगळा, लय वेगळी. मग माणूस जे अनुभवतो ते टॉमी गन नव्हेच. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीच्या काठी ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव यांनी एकट्याने शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यांवर चाल केली. हाताला गोळी लागून सबमशीनगन चालवता येईना, तेव्हा ती फेकून त्यांनी हातबॉम्ब वापरले आणि ठाणी बंद पाडली. या पराक्रमासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सबमशीनगन म्हणजे काय हे अशा ठिकाणी कळते. जवळच्या अंतरावरचे, थोड्याच वेळाचे, जीव घेणारे आणि जीव मुठीत धरून वापरायचे हत्यार. रविवारी सकाळी रिकाम्या डब्यांवर .२२ चा शिडकावा करणाऱ्याने आपण त्या इतिहासाला स्पर्श केला असे म्हणू नये. कोल्टच्या ‘सर्व्हिस एस’मध्ये धक्का मुद्दाम वाढवला गेला तो याचसाठी की शिकणाऱ्याला खोटी कल्पना मिळू नये. त्यामुळे हा आक्षेप मी फेटाळत नाही, किटच्या समर्थनाची सीमा म्हणून स्वीकारतो. किट वस्तूचे रक्षण करते, अनुभवाचे करत नाही. आणि पूर्ण ताकदीच्या काडतुसानेही तो अनुभव मिळत नाहीच. समोर शत्रू नसताना, पोटात भीती नसताना झाडलेली .४५ ची गोळीसुद्धा शिकागोची किंवा सेनिओची नसते. मग त्या अर्धवट खरेपणापायी मूळ नळी का झिजवायची?

याच ठिकाणी त्या ८ च्या ठशाचा प्रश्न उभा राहतो. नौदलाने फेरफार केले ते इतिहास, आणि आजच्या मालकाने रिसीव्हरला ड्रिल लावले तर तो अपराध, असे का? माझे उत्तर असे की शस्त्र ज्या कामासाठी बनले ते काम करत असताना त्यात झालेले बदल हे त्या कामाचीच नोंद असतात. नौदलाला वेग कमी हवा होता, आणि ती गरज त्या ठशात कायमची वाचता येते. नंतरच्या मालकाच्या हौसेने पाडलेले भोक फक्त हौसेची नोंद करते, आणि खालची जुनी नोंद पुसते. मिरजेच्या तंबोऱ्याला तारा नव्या घातल्या तर तो तोच तंबोरा राहतो, भोपळा कापला तर राहत नाही. किटची कसोटीही हीच. काढल्यावर ते कधी बसवले होते हे सूक्ष्मदर्शकाखालीही कळू नये.

तिसरा आक्षेप संग्रहालयवाल्यांचा. झाडायचेच कशाला, काचेआड ठेवा. इंग्लंडमध्ये एनफिल्डच्या जुन्या ‘पॅटर्न रूम’चा संग्रह आता लीड्सला रॉयल आर्मरीजच्या ताब्यात आहे, आणि अभ्यासाची खरी गरज अशा ठिकाणी भागते हे खरे. पण सगळी नोंदणीकृत शस्त्रे संग्रहालयात जाणार नाहीत, आणि कोणतेही संग्रहालय एकाच नमुन्याच्या शेकडो बंदुका घेणार नाही. बाकीच्या खाजगी कपाटांत राहणार. तिथे त्या नीट राहतात त्या मालकाला त्यांत रस असतो म्हणून. ज्या वस्तूला कोणी हात लावत नाही तिला तेल लावायलाही कोणी फिरकत नाही, आणि पुढची पिढी ती विकून मोकळी होते. वस्तू वापरात राहिली तर देखभालही राहते. वापर कसला, एवढेच ठरवायचे आहे.

शेवटचा आक्षेप नैतिक आहे आणि भारतीय वाचकाच्या मनात तो सर्वांत आधी आला असेल. माणसे मारण्यासाठी बनलेल्या हत्याराचे खेळणे करावे काय? ऑगस्ट २०१४ मध्ये ॲरिझोनातल्या एका गोळीबार केंद्रावर नऊ वर्षांच्या मुलीच्या हातातली ९ मिलिमीटरची उझी उसळली आणि शेजारी उभ्या प्रशिक्षकाचा जीव गेला. .२२ चे किट असते तर बंदूक तितकी उसळली नसती, असे किटचे समर्थक म्हणतात. भौतिकशास्त्र त्यांच्या बाजूने आहे. मी मात्र हा युक्तिवाद करणार नाही. .२२ च्या गोळीनेही माणूस मरतो, आणि सौम्य धक्क्यामुळे मुलाच्या हाती आपोआप झडणारे शस्त्र द्यायला लोक धजावत असतील, तर किट त्या घटनेचा उपाय नसून तिचे आमंत्रण ठरेल. लहान मुलाच्या हातात चालू सबमशीनगन, ती कोणत्याही काडतुसाची असो, देऊ नये. प्रौढ, परवानाधारक, जाणत्या माणसाबद्दलच हा सगळा विचार आहे.

आपल्याकडे हा प्रश्न खाजगी मालकांपुढे येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याने आपोआप झडणारी शस्त्रे प्रतिबंधित आहेत आणि तसेच असावे. पण राखणदारीचा प्रश्न आपल्यापुढेही आहे. ब्रिटिश स्टर्लिंग सबमशीनगनच्या नमुन्यावर कानपूरला बनलेली आणि पोलिसांपासून सैन्यापर्यंत सगळे जिला नुसती ‘कार्बाइन’ म्हणत, ती ९ मिलिमीटरची बंदूक आता सेवेतून बाहेर पडते आहे. सेवेतून काढलेले शस्त्र वितळवण्याआधी प्रत्येक नमुन्याचे दोन-चार नग मूळ नळी, मूळ बोल्ट आणि सेवेच्या नोंदींसह संग्रहालयात शाबूत ठेवायला फारसा खर्च येत नाही. ते आज केले नाही तर पन्नास वर्षांनी करायला काही उरणार नाही.

अमेरिकेत किंवा इतरत्र ज्यांच्या ताब्यात अशी कायदेशीर, नोंदणीकृत जुनी सबमशीनगन आहे, त्यांना माझे सांगणे थोडके आहे. ती चालवायचीच असेल तर .२२ वर चालवा. काढलेली मूळ नळी आणि बोल्ट त्याच बंदुकीच्या क्रमांकाची चिठ्ठी लावून तिच्यासोबतच ठेवा, म्हणजे विक्रीत किंवा वारसाहक्कात त्यांची फारकत होणार नाही. आणि जे किट बसवायला रिसीव्हरवर कानस चालवावी लागते, ते कितीही स्वस्त असले तरी घेऊ नका.